कामाचा कागद भिंतीवर कसा गेला : जुन्या कार्टूनपटांची मूळ चित्रं आणि संग्रहालयं

आजच्या व्याख्यानाचा विषय ऐकायला हलकाफुलका वाटेल, पण त्यात एक अवघड प्रश्न दडलेला आहे. शिंपी कापड बेतताना आधी कागद कापतो. कपडा शिवून झाला की तो कागद केरात जातो, तो कोणी फ्रेम करून दिवाणखान्यात लावत नाही. कार्टूनपटांच्या बाबतीत मात्र नेमकं तसंच घडलं. सिनेमा तयार करताना वापरलेले, काम झाल्यावर टाकून द्यायचे म्हणून काढलेले कागद आज जगातल्या नावाजलेल्या संग्रहालयांमध्ये काचेमागे, मंद उजेडात लावलेले दिसतात. लिलावात त्यांना एखाद्या घराची किंमत येते.

हे कसं झालं ते आपण आज पाहू. त्याबरोबरच हे होत असताना त्या चित्राखालच्या पाटीवर कोणाचं नाव आलं आणि कोणाचं राहून गेलं, हेही पाहू. आमच्या मते खरा मुद्दा हा दुसरा आहे.

आधी ही वस्तू काय आहे ते समजून घेऊ. सिनेमात सेकंदाला २४ फ्रेम जातात, हे आपल्यापैकी बहुतेकांना माहीत आहे. कार्टूनपटात पुष्कळदा एकच चित्र दोन फ्रेम ठेवतात, म्हणजे सेकंदाला १२ चित्रं. तरीही हिशोब मोठाच होतो. १९०८ साली फ्रान्समध्ये एमिल कोल याने 'फँतासमागोरी' हा मिनिट-दोन मिनिटांचा चित्रपट केला, त्याला सुमारे ७०० चित्रं लागली. १९१४ साली अमेरिकेत विन्सर मॅके याने 'गर्टी द डायनासोर' केला. मॅके पातळ कागदावर चित्र काढायचा. अडचण अशी होती की गर्टी हलली की तिच्याबरोबर मागचा डोंगर, तळं, झाड हे सगळंही प्रत्येक कागदावर पुन्हा काढावं लागे. त्यासाठी त्याने एक मदतनीस ठेवला होता. तो बिचारा तोच डोंगर हजारो वेळा गिरवत बसे.

त्याच सुमारास अर्ल हर्ड नावाच्या माणसाने यावर तोडगा काढला आणि त्याचं पेटंट घेतलं. हलणारं पात्र सेल्युलॉइडच्या पारदर्शक तुकड्यावर काढायचं आणि देखाव्याचं एकच चित्र त्याच्याखाली ठेवायचं. पात्र बदलत राहील, देखावा तोच राहील. या पारदर्शक तुकड्याला धंद्यात 'सेल' म्हणू लागले. पुढची सत्तर-पंचाहत्तर वर्षं जगातले बहुतेक कार्टूनपट या सेलवर उभे राहिले.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. सेलमुळे श्रम वाचलेच, पण त्याबरोबर माणसांची कामंही वाटली गेली. एकाने पात्राची हालचाल काढायची, दुसऱ्याने ती स्वच्छ करायची, तिसऱ्याने मधली चित्रं भरायची, चौथ्याने सेलवर शाईने गिरवायची, पाचव्याने रंग भरायचा, सहाव्याने देखावा रंगवायचा. एक चित्र पडद्यावर पोचेपर्यंत पाच-सहा हातांतून जातं. मग ते 'कोणाचं' चित्र? प्रश्नाचं मूळ इथे आहे. ते सध्या बाजूला ठेवू, थोड्या वेळाने त्याच्याकडे परत येऊ.

आता समजा, आपल्यासमोर १९३०च्या दशकातला ॲनिमेटरचा एक मूळ कागद आहे. त्यावर काय काय दिसतं? कागदाच्या कडेला भोकं असतात. ती टेबलावरच्या खुंट्यांमध्ये बसवायची, म्हणजे प्रत्येक कागद नेमक्या त्याच जागी बसतो. कोपऱ्यात क्रमांक असतो. बाजूला शिडीसारखी एक छोटी खूण असते, उभी रेघ आणि तिच्यावर आडव्या काड्या. ही शिडी म्हणजे मुख्य ॲनिमेटरने सहाय्यकाला दिलेली सूचना असते. 'या दोन चित्रांच्या मध्ये इतकी चित्रं भर, आणि ती या टोकाजवळ दाट घे, त्या टोकाजवळ विरळ घे.' जिथे चित्रं दाट, तिथे हालचाल सावकाश. जिथे विरळ, तिथे झपकन. पात्राचं वजन, आळस, राग हे सगळं त्या शिडीतून येतं. आणि मधोमध चित्र! पण ते एका रेघेत काढलेलं नसतं. एकाच हाताच्या पाच-सहा रेघा, त्यातली एक ठळक. ॲनिमेटर त्या कागदावर विचार करत होता, तो विचार तसाच उमटलेला दिसतो.

सेलचं तसं नाही. सेल म्हणजे पूर्ण झालेलं काम. पुढच्या बाजूने शाईची रेघ, मागच्या बाजूने रंग, म्हणून समोरून पाहिलं की रंग सपाट आणि तकतकीत दिसतो. सेलवर बोटांचे ठसे उमटू नयेत म्हणून काम करणाऱ्या हातमोजे घालत. कोणत्या जागी कोणता रंग, हे आधीच ठरवून दिलेलं असे. कॅमेऱ्याखाली त्याचं छायाचित्र घेतलं की सेलचं काम संपलं. पुढे काय? अडचणीच्या काळात सेल धुऊन पुन्हा वापरायचे. कारण सेल्युलॉइड विकत घ्यावं लागे, त्याला किंमत होती. त्यावरच्या चित्राला नव्हती. सुरुवातीच्या काळातले सेल आज इतके थोडे का सापडतात, याचं हे एक कारण.

आता येऊ १९३७ सालावर. २१ डिसेंबर १९३७ रोजी लॉस एंजेलिसच्या कार्थे सर्कल थिएटरात डिस्नेच्या 'स्नो व्हाइट अँड द सेव्हन ड्वार्फ्स'चा पहिला खेळ झाला. चित्रपट ८३ मिनिटांचा. गुणाकार करून पाहा. ८३ मिनिटं, मिनिटाला ६० सेकंद, सेकंदाला २४ फ्रेम. जवळजवळ १ लाख २० हजार फ्रेम होतात. काही फ्रेममध्ये एकावर एक तीन-चार सेल. त्याआधीची पेन्सिलची चित्रं, रद्द झालेले प्रसंग, रंगांचे नमुने, पात्रांचे तक्ते हे सगळं वेगळंच. चित्रपट संपला तेव्हा स्टुडिओत या कागदांचा आणि सेल्युलॉइडचा ढीग पडलेला होता.

डिस्नेची चित्रं त्याआधीही कलादालनात गेली होती. १९३३ साली शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये त्यांचं प्रदर्शन झालं होतं. पण ढिगाचं रूपांतर मालात केलं ते सॅन फ्रान्सिस्कोच्या गुथ्री कूर्वाझिए या कलाविक्रेत्याने. १९३८ साली त्याने डिस्नेशी करार केला. 'स्नो व्हाइट'चे सेल निवडायचे, सजवायचे, चौकटीत बसवायचे आणि कलावस्तू म्हणून विकायचे. सामान्य माणसाला परवडेल अशी किंमत ठेवलेली होती. मागे चिठ्ठी चिकटवलेली असे, की हे स्टुडिओतलं अस्सल काम आहे.

अस्सल? इथे जरा थांबू या. पडद्यावर दिसलेले मूळ देखावे अर्थातच थोडे होते आणि सेल असंख्य. मग विकायला काढलेल्या बहुतेक सेलच्या मागे काय लावायचं? त्यासाठी वेगळी पार्श्वभूमी तयार केली गेली. कधी लाकडाचा पातळ पापुद्रा, कधी ठिपक्यांचा किंवा चांदण्यांचा कागद, कधी हवेच्या पिचकारीने मारलेला रंग. पुष्कळदा सेलमधली आकृती कडेने कापून त्यावर चिकटवली गेली. म्हणजे लोकांनी जे विकत घेतलं ते, तसंच्या तसं, पडद्यावर कधी दिसलंच नव्हतं. आकृती खरी, चौकट मात्र दुकानासाठी बनवलेली.

यात फसवणूक होती असं आम्ही म्हणणार नाही. भिंतीवर टांगायची वस्तू म्हणून ती बनवली गेली आणि तशीच विकली गेली. पण एक बाब स्पष्ट होते. कामाच्या कागदाचं कलावस्तूत रूपांतर आपोआप होत नाही. कोणीतरी निवडावं लागतं, कापावं लागतं, चौकट करावी लागते, मागे चिठ्ठी लावावी लागते. हे सगळं झाल्यावर मग संग्रहालय येतं.

आणि ते आलंही लवकर. १९३०चं दशक सरायच्या आत न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमने 'स्नो व्हाइट'मधला एक सेल आपल्या संग्रहात घेतला. कोणता, सांगा पाहू? स्नो व्हाइट? बुटके? राजपुत्र? नाही. त्यांनी घेतली दोन गिधाडं. म्हातारीचं रूप घेतलेल्या राणीच्या मागावर असलेली, तिच्या शेवटाची वाट पाहणारी गिधाडं. ज्या इमारतीत रेम्ब्रांट आहे तिथे कार्टूनमधली गिधाडं, याची वर्तमानपत्रांनी साहजिकच चर्चा केली. काहींना ते हास्यास्पद वाटलं. पण सगळ्यांना नाही. ब्रिटिश राजकीय व्यंगचित्रकार डेव्हिड लो, ज्यांच्या रेषेचा प्रभाव आर. के. लक्ष्मण आणि बाळासाहेब ठाकरे यांच्यावर होता, त्या लो यांनी १९४२ साली डिस्नेवर लेख लिहिला, त्याचं शीर्षक होतं 'लिओनार्डो दा डिस्ने'. शीर्षकात थट्टा आहेच, पण लेखातलं कौतुक खरं आहे.

बरं, लिओनार्डोशी तुलना केली की एक घोटाळा होतो. लिओनार्डोचं चित्र म्हटलं की ते लिओनार्डोने काढलेलं. आणि डिस्नेचं? वॉल्ट डिस्नेने १९२०च्या दशकाच्या मध्यानंतर स्वतः ॲनिमेशन काढणं सोडून दिलं होतं. तो गोष्ट सांगायचा, माणसं निवडायचा, चूक पकडायचा, पैसा उभा करायचा. यात त्याची प्रतिभा होती, त्याबद्दल वाद नाही. पण त्या गिधाडांची रेघ त्याची नाही. एवढंच कशाला, चाहत्यांना द्यायच्या चित्रांवरची त्याची सहीसुद्धा अनेकदा स्टुडिओतले दुसरे चित्रकार करत असत.

मग मघाशी बाजूला ठेवलेला प्रश्न आता हातात घेऊ. कोणाचं चित्र?

सेलवर शाई आणि रंग चढवण्याच्या विभागात बहुतेक सगळ्या बायका होत्या. 'स्नो व्हाइट'च्या वेळी त्यांची संख्या शंभराच्या वर होती. शाईची रेघ म्हणजे नुसतं गिरवणं नव्हे, हे आपल्याकडे ज्यांनी हाताने बोर्ड रंगवले आहेत किंवा सुलेखन केलं आहे त्यांना सांगायला नको. गुळगुळीत सेल्युलॉइडवर, हात न थरथरता, जिथे हवी तिथे जाड आणि जिथे हवी तिथे बारीक होणारी रेघ काढायची. आणि ती शेजारच्या सेलवरच्या रेघेशी जुळली पाहिजे, नाहीतर पडद्यावर ती थरथरताना दिसते. स्नो व्हाइटच्या गालांवरची लाली आठवा. ती त्या विभागातल्या बायकांनी एकेका सेलवर हाताने फुलवलेली आहे. चित्रपटाच्या नामावळीत मात्र त्यांची नावं नाहीत.

१९३८ साली स्टुडिओकडे नोकरीसाठी अर्ज करणाऱ्या एका तरुणीला स्टुडिओच्या कागदावर उत्तर गेलं. ते पत्र आज प्रसिद्ध आहे. त्यात सांगितलं होतं की सर्जनशील काम फक्त तरुण पुरुष करतात, मुलींना त्याच्या प्रशिक्षणासाठी घेत नाहीत, मुलींसाठी फक्त शाई आणि रंगाचं काम आहे. आता गंमत पाहा. संग्रहालयात आज प्रेक्षक ज्या सेलसमोर थांबतो, त्यावर प्रत्यक्ष दिसणारी प्रत्येक रेघ आणि रंगाचा प्रत्येक थर त्या 'सर्जनशील नसलेल्या' हातांचा आहे. ॲनिमेटरची पेन्सिल त्या सेलवर नाहीच. त्याचा कागद वेगळा. पुढे चार वर्षांनी, १९४२च्या 'बॅम्बी'मध्ये, शिकारी कुत्र्यांचा तो भयंकर पाठलाग रेटा स्कॉट या बाईंनी ॲनिमेट केला आणि डिस्नेच्या चित्रपटात ॲनिमेटर म्हणून नाव लागलेली ती पहिली स्त्री ठरली.

'बॅम्बी'तच दुसरं उदाहरण आहे. टायरस वाँग. जन्म १९१०, चीनमधला. १९२० साली वडिलांबरोबर अमेरिकेत आला. चिनी लोकांच्या प्रवेशावर कायद्याने बंदी होती, म्हणून खोट्या नावाची कागदपत्रं घेऊन, सॅन फ्रान्सिस्कोच्या एंजल बेटावर त्या लहान मुलाने चौकशी आणि स्थानबद्धता भोगली. १९३८ साली तो डिस्नेत लागला तो मधली चित्रं भरणारा म्हणून, म्हणजे अगदी खालच्या पायरीवर. त्याच्या कानावर आलं की स्टुडिओत 'बॅम्बी'चं चाललंय, पण जंगल जमत नाहीये. प्रत्येक पान, प्रत्येक फांदी काढली की हरीण त्यात हरवून जातं. वाँगने घरी बसून काही छोटी चित्रं केली. सुंग काळातल्या चिनी निसर्गचित्रांची त्याला ओढ होती. धुकं, त्यातून डोकावणारं एखादं खोड, मोकळी सोडलेली जागा, आणि मधोमध इवलंसं हरीण. ती चित्रं वरपर्यंत गेली आणि सगळ्या चित्रपटाचा रंग-सूर त्यांवरून ठरला.

नामावळीत त्याचं नाव 'देखावे' या सदराखाली अनेकांमध्ये एक म्हणून आलं. चित्रपट प्रदर्शित होईपर्यंत तो स्टुडिओत राहिलाही नव्हता. २९ मे १९४१ रोजी डिस्ने स्टुडिओत संप सुरू झाला. पगारातली तफावत, नामावळीत नाव, संघटनेचा हक्क हे त्यातले प्रश्न होते. वाँग संपात नव्हता, पण संपानंतरच्या धुमाळीत त्याचीही नोकरी गेली. पुढे तो वॉर्नरमध्ये अनेक वर्षं चित्रपटांसाठी रेखाटनं करत राहिला, शुभेच्छापत्रं रंगवत राहिला, म्हातारपणी समुद्रकिनाऱ्यावर स्वतः बनवलेले पतंग उडवत राहिला. २०१३ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या वॉल्ट डिस्ने फॅमिली म्युझियममध्ये त्याच्या चित्रांचं मोठं प्रदर्शन भरलं. तेव्हा तो १०२ वर्षांचा होता. २०१६ साली तो १०६व्या वर्षी गेला.

हे उदाहरण मुद्दाम सविस्तर सांगितलं. कारण संग्रहालयाचं एरवी न दिसणारं काम त्यातून दिसतं. सिनेमाच्या नामावळीने जे लपवलं, ते कागदाने सांगितलं. वाँगची ती छोटी चित्रं जपली गेली नसती, तर 'बॅम्बी'चं जंगल कोणाच्या हातातून आलं हे सिद्ध करायला काय होतं? काहीच नाही. कागद शिल्लक राहिला म्हणून माणूस शिल्लक राहिला.

पण कागद शिल्लक राहणं हे नशिबावर होतं. कूर्वाझिएची व्यवस्था १९४६च्या सुमारास संपली. १९५५ साली डिस्नेलँड उघडलं, तिथल्या आर्ट कॉर्नर या दुकानात सेल दोन-चार डॉलरला मिळायचे. मुलांनी नेले, भिंतीवर चिकटवले, फाडले. स्टुडिओतल्या साठ्याच्या खोलीला तिथली माणसं 'मॉर्ग' म्हणत, म्हणजे शवागार. नावावरूनच त्या कागदांकडे कसं पाहिलं जात होतं ते कळतं. तरी डिस्नेने कागद ठेवले तरी. पुढचा चित्रपट काढताना जुनी चाल बघायला उपयोगी पडतात म्हणून ठेवले. इतर अनेक स्टुडिओंना जागा प्यारी होती.

वारं फिरलं ते १९८०च्या दशकात. १९८१ साली न्यूयॉर्कच्या व्हिटनी म्युझियमने डिस्नेच्या ॲनिमेशनचं आणि ॲनिमेटरांचं प्रदर्शन भरवलं. शीर्षकात 'ॲनिमेटर' हा शब्द होता, तो महत्त्वाचा. भिंतीवर सेलपेक्षा पेन्सिलची चित्रं, आणि त्याखाली ती काढणाऱ्याचं नाव. १९८५ साली म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने वॉर्नरच्या कार्टूनांचं प्रदर्शन केलं. बग्ज बनी आणि डॅफी डक यांना तोपर्यंत कोणी कलेच्या पंक्तीला बसवलं नव्हतं. आणि याच सुमारास लिलावाचा हातोडा वाजू लागला. १९८४ साली डिस्नेच्या एका माजी कर्मचाऱ्याने वर्षानुवर्षं जपलेला संग्रह क्रिस्टीजने विकला. १९८९ साली 'ऑर्फन्स बेनिफिट' या १९३४च्या कृष्णधवल लघुपटातला एक सेल, त्याच्या देखाव्यासह, २ लाख ८६ हजार डॉलरना गेला.

त्याच १९८९ साली 'द लिटल मर्मेड' आला. हाताने रंगवलेल्या सेलवर बनलेला डिस्नेचा तो शेवटचा मोठा चित्रपट. पुढच्याच वर्षीच्या 'द रेस्क्यूअर्स डाउन अंडर'मध्ये रंग संगणकात भरले गेले. खरं तर शाईच्या बायकांच्या हातातली रेघ त्याआधीच गेली होती. १९६१च्या 'वन हंड्रेड अँड वन डाल्मेशियन्स'मध्ये पेन्सिलचं चित्र झेरॉक्सच्या तंत्राने थेट सेलवर उतरवलं गेलं. तेव्हा वस्तू बनायची बंद झाली आणि तिची किंमत चढली, हे दोन्ही एकाच वेळी घडलं. आपल्याकडे पितळेची भांडी स्वयंपाकघरातून गेली आणि दिवाणखान्यात शोभेला आली, तसंच काहीसं.

आता अडचण अशी की या वस्तू टिकाव्यात म्हणून कोणी बनवल्याच नव्हत्या. जुने सेल सेल्युलोज नायट्रेटचे. ते पिवळे पडतात, कडक होतात, तडकतात, त्यांच्यातून आम्लकारी वायू निघतात आणि शेजारचा कागदही खराब करतात. शिवाय ते पेट घेतात. नंतरचे सेल ॲसिटेटचे. ते पेट घेत नाहीत, पण विघटन सुरू झालं की त्यांना व्हिनेगरचा वास येतो, ते आक्रसतात, सुरकुततात. रंगात डिंक असतो. सेल आक्रसला आणि रंग नाही आक्रसला, की रंगाचे पापुद्रे सुटतात. डिस्नेच्या ॲनिमेशन रिसर्च लायब्ररीत आज सुमारे साडेसहा कोटी चित्रं आणि कागद आहेत. जुन्या शवागाराचंच हे नवं रूप. तिथल्या सेलवर लॉस एंजेलिसच्या गेटी कॉन्झर्वेशन इन्स्टिट्यूटच्या शास्त्रज्ञांनी अभ्यास केला आहे. त्यांनी तपासलेला एक उपाय ऐकण्यासारखा आहे. नवा डिंक न लावता, भोवतालच्या हवेतली आर्द्रता बेताने वाढवायची, म्हणजे रंगातला मूळ डिंकच मऊ होऊन सेलला पुन्हा धरतो. जुन्या वस्तूला शक्य तितका कमी हात लावायचा, हा जतनाचा नियम इथेही पाळलेला आहे.

काही श्रोत्यांच्या मनात एक आक्षेप नक्की आला असेल. कार्टूनची मजा हालचालीत. एक चित्र सुटं करून भिंतीवर लावलं, तर त्यात उरलं काय? आक्षेप रास्त आहे. आपल्याकडच्या पिंगुळीच्या चित्रकथी परंपरेचंही तसंच झालं. ती चित्रं एकामागून एक दाखवत, गात, गोष्ट सांगण्यासाठी केलेली. संग्रहालयात त्यातलं एखादं पान एकटंच लटकतं आणि गाणारा नसतो. यावर उपाय संग्रहालयांनीच शोधले आहेत. एका चित्राऐवजी लागोपाठची दहा-बारा चित्रं ओळीने लावायची. शेजारच्या पडद्यावर त्याच पेन्सिलचित्रांची हलती चाचणी दाखवायची. मग प्रेक्षक मान वळवून दोन्ही बघतो. सातव्या आणि आठव्या चित्रात जो चिमूटभर फरक आहे, तोच पडद्यावरचा उसासा आहे, हे त्याला कळतं. सिनेमात ते कधीच कळलं नसतं, कारण तिथे ते चित्र सेकंदाच्या बाराव्या भागात निघून जातं. म्हणजे हालचाल गमावून आपल्याला हालचालीचं गमक मिळतं. आमच्या मते हा सौदा वाईट नाही.

जाता जाता एक धागा मुंबईचा. 'स्नो व्हाइट' आणि 'बॅम्बी'वर काम केलेला क्लेअर वीक्स हा ॲनिमेटर मूळचा भारतात जन्मलेला, मिशनरी कुटुंबातला. १९५६ साली तो मुंबईत फिल्म्स डिव्हिजनमध्ये शिकवायला आला. त्याच्या हाताखाली जी तरुण मंडळी घडली त्यात राम मोहन होते, ज्यांना पुढे भारतीय ॲनिमेशनचे जनक म्हणू लागले. जातककथेवरचा 'द बॅनियन डिअर' हा त्या काळातला चित्रपट. मघाशी सांगितलेली ती शिडी, ती भोकं, ते मधले कागद हे सगळं तंत्र डिस्नेच्या टेबलावरून पेडर रोडच्या टेबलावर आलं. त्याच्याही चाळीस वर्षं आधी दादासाहेब फाळके यांनी आगकाड्या एकेक फ्रेम सरकवून 'आगकाड्यांची मौज' हा छोटा चित्रपट केला होता. तो आज उपलब्ध नाही. १९७४ची 'एक, अनेक और एकता' तर दूरदर्शनच्या पिढीला पाठच आहे. ती विजया मुळे यांनी दिग्दर्शित केली आणि तिचं ॲनिमेशन भीमसैन यांचं. पाठ आहे ती चित्रफीत. तिच्या मागचे हात किती जणांना ठाऊक आहेत?

फिल्म्स डिव्हिजनच्या त्याच आवारात २०१९ पासून भारतीय सिनेमाचं राष्ट्रीय संग्रहालय उभं आहे. इमारत आहे, प्रेक्षक आहेत. पण संग्रहालयाला कागद लागतात, आणि आपल्याकडचे कामाचे कागद सरकारी कपाटांत जितके असू शकतात तितकेच घरांतही असू शकतात. ज्यांनी जाहिरातपट, शैक्षणिक पट, दूरदर्शनच्या मालिका हाताने रंगवल्या ती पिढी आता सत्तरी-ऐंशीत आहे. त्यांच्या माळ्यावर एखादा गठ्ठा असेल. घर बदलताना, रंग काढताना पहिला तोच रद्दीत जातो.

म्हणून आजच्या विषयातून व्यवहारातलं थोडं सांगून थांबतो. असा गठ्ठा हाती आला तर त्याला लॅमिनेशन करू नका. सेल एकमेकांवर दाबून ठेवू नका, मध्ये आम्लमुक्त कागद घाला. उन्हापासून, कोंदट कपाटापासून दूर ठेवा. व्हिनेगरचा वास येत असेल तर ते सेल बाकीच्यांपासून वेगळे करा. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे चित्र काढणारी व्यक्ती हयात असेल तर आजच तिच्याजवळ बसा. हा कागद कोणत्या कामाचा, कोणत्या सालचा, रेघ कोणाची, रंग कोणाचा, हे वेगळ्या कागदावर लिहून त्या गठ्ठ्यासोबत ठेवा. मेट्रोपॉलिटनच्या गिधाडांना मोठी भिंत मिळाली, पण त्यांच्यावर ज्या हाताने शाई ओढली, त्या हाताचं नाव तेव्हा कोणी लिहून ठेवलं नाही. चौकट, काच, दिवा ही कामं संग्रहालय पन्नास वर्षांनीही करू शकतं. नाव लिहायचं काम मात्र वेळेतच करावं लागतं.

आता आपण प्रश्नोत्तरांकडे वळू.